जुना लॅपटॉप घेतला, विंडोज 'ओरिजिनल' आहे म्हणे. ओळखायचं कसं?

चिमणचारा
मंडळी, गेल्या आठवड्यात एक वापरलेला लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. काम एकच आहे, घरातले जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करायचे. स्कॅनर जुनाच आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

विकणारा म्हणाला, "विंडोज ११ प्रो टाकून दिलंय, एकदम ओरिजिनल." सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेटेड असंच दिसतंय. पण पावती लॅपटॉपची मिळाली, विंडोजची नाही. विंडोजची 'प्रॉडक्ट की' (परवान्याचा २५ अक्षरांचा क्रमांक) मागितली तर म्हणे, "ती आतच असते, मॅडम."

खरंच आत असते का? आणि मी सगळं पुसून नव्याने टाकलं तर ते परत ॲक्टिव्हेट होईल, की हात चोळत बसावं लागेल? दुसऱ्याने वापरलेली भांडीसुद्धा मी आधी घासून घेते, त्यामुळे हा लॅपटॉप आहे तसा वापरवत नाहीये.

निवांत
वाचतोय. माझ्याकडेही असाच एक पडलाय.

ढकलगाडी
ॲक्टिव्हेटेड दिसतंय ना? मग वापरा की. उगाच खाजवून खरूज कशाला काढायची?

पाचर
"आतच असते" हे अर्धंच खरं आहे. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) भरलेली असते. 'एमएसडीएम' नावाचा एक छोटा तक्ता असतो, त्यात. डिस्क बदला, फॉरमॅट करा, की जागची हलत नाही. पण आत्ता तुमच्या समोर चालू असलेलं विंडोज त्याच कीवर चाललंय का, हा वेगळा प्रश्न झाला.

ते बघायला टर्मिनल उघडा आणि 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून 'स्लॅश डीएलआय' असं टंका. (इंग्रजी अक्षरांत! मागे एकाने खरंच देवनागरीत टंकलं होतं.) एक छोटी खिडकी उघडेल. तिच्यात ज्या ओळीत 'चॅनल' हा शब्द आहे ती इथे लिहा. मग तसंच 'स्लॅश एक्सपीआर' करा.

शिळोप्याचा_राजा
तो एक म्हणजे मीच. वर "चालत नाही" म्हणून भांडलोही होतो. :)

चिमणचारा
पहिल्या खिडकीत 'व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट चॅनल' असं आलं. दुसऱ्या खिडकीत लिहिलंय की व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल. मोजलं, आजपासून १७६ दिवस. म्हणजे काय?

पाचर
म्हणजे तुमच्या विकणाऱ्याने 'ओरिजिनल' हा शब्द फार सढळ हाताने वापरलाय.

केएमएस ही मोठ्या संस्थांची सोय आहे. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो, तिथले संगणक त्याच्याकडे हजेरी लावतात आणि प्रत्येकाला १८० दिवसांची मुदत मिळते. दर सात दिवसांनी संगणक पुन्हा हजेरी लावायला बघतो आणि ती लागली की मुदत परत १८०. असा सर्व्हर विंडोजचे किमान २५ संगणक हजेरीला आल्याशिवाय कुणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. तेव्हा तुमच्या घरात २५ संगणक असतील तर मी शब्द मागे घेतो.

नसतील, तर तुमचा लॅपटॉप कुठल्यातरी तोतया सर्व्हरकडे हजेरी लावतोय. तो बाहेर इंटरनेटवर असेल, नाहीतर त्याच लॅपटॉपच्या पोटात बसवलेला असेल. दोन ठिकाणी बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची यादी असते, तिथे तुम्ही न घातलेलं काही आहे का? आणि टास्क शेड्यूलरमध्ये कुठलं अनोळखी काम लावलेलं आहे का?

ढकलगाडी
मग काय बिघडलं? मुदत आपोआप वाढतेय. माझा चार वर्षं असाच चाललाय, एक दिवस तक्रार नाही.

पाचर
@ढकलगाडी, फुकट विंडोज मिळालं हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. असा तोतया सर्व्हर, म्हणजे ॲक्टिव्हेटर, चालवायचा म्हणजे आधी डिफेंडरला (विंडोजच्या अँटिव्हायरसला) "इकडे बघू नकोस" असं सांगावं लागतं, कारण डिफेंडर त्याला पकडतो. पहारेकऱ्याला पाठ फिरवून उभं केलं की त्या दारातून आणखी कोण कोण आत शिरलं हे तो कसं सांगणार? त्याचीही तक्रार नसतेच.

चिमणचारा
बघितलं. एक्सक्लूजन्समध्ये एक फोल्डर आहे, विंडोज फोल्डरच्या आतलाच, नावही असं की कुणाला शंका येऊ नये. टास्क शेड्यूलरमध्ये दर लॉगिनला चालणारं एक काम आहे, ते त्याच फोल्डरमधलं काहीतरी चालवतंय.

आणि मी परवा याच लॅपटॉपवरून बँकेत लॉगिन केलं होतं.

आडकित्ता
आधी तो इंटरनेटपासून तोडा. मग फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. त्याच लॅपटॉपवरून बदलू नका. ईमेलमध्ये "सगळीकडून लॉग आउट" असतं तेही करा. परवान्याचं काय ते नंतर बघू.

चिमणचारा
केलं. हात थरथरत होते. घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून.

पेंग्विनवाला
या सगळ्यावर एकच औषध आहे आणि ते मी बारा वर्षं घेतोय. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाका. की नाही, ॲक्टिव्हेशन नाही, 'चॅनल' नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तिचं कर्नल, म्हणजे गाभा, लिहायला घेतलं, आज ते जीपीएल आवृत्ती २ या मुक्त परवान्याखाली आहे. त्या परवान्यात वापरणाऱ्यावर बंधनच नाही, बंधन आहे ते पुढे वाटणाऱ्यावर, की बाबा सोर्सही दे. जुनं यंत्र कुणाचं होतं, कुणी विकलं, याच्याशी कशाला काही देणंघेणं नाही. लिनक्सचे अनेक अवतार आहेत. उबुंटू २४.०४ घ्या, पाच वर्षं अपडेट फुकट. मिंट घ्या, विंडोजवरून येणाऱ्याला परकं वाटत नाही.

आडकित्ता
आलं लिनक्स! विंडोजच्या धाग्यावर दहा प्रतिसादांच्या आत येतंच येतं. अहो पेंग्विनवाले, ताईंच्या स्कॅनरचं काय?

पेंग्विनवाला
सेन नावाचा प्रकल्प आहे, लिनक्सवर स्कॅनर त्याच्याच जिवावर चालतात. जुने स्कॅनर तर उलट तिथे जास्त चालतात, जिथे कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं बंद केलंय तिथेसुद्धा. आणि इन्स्टॉल करायचीही गरज नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करा, स्कॅनर जोडा, बघा. डिस्कला हातही लागत नाही.

खलबत्ता
कायद्याच्या बाजूने थोडं, कारण "लॅपटॉप घेतला म्हणजे विंडोज माझं झालं का" यावर कुणी बोललं नाहीये.

विंडोज आपल्याला विकलंच जात नाही, वापरायचा परवाना मिळतो. यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्राला चिकटलेला असतो. यंत्र विकलं की तो नव्या मालकाकडे जातो, पण यंत्रापासून सोडवून दुसऱ्यावर नेता येत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र पंचाईत होते. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना हलवता येतो, फक्त जुन्या यंत्रावरून काढायचा. आणि व्हॉल्यूम परवाना संस्थेचा. संस्थेने लॅपटॉप मोडीत काढला म्हणून तो लॅपटॉपबरोबर बाहेर पडत नाही. तेव्हा चिमणचारा, तुमच्याकडचं केएमएस खऱ्या संस्थेतून आलेलं असतं तरी ते तुमचं नसतंच.

अवांतर: युरोपात यावर मोठा खटला झाला, यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल. ३ जुलै २०१२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की कायमच्या वापरासाठी दिलेली प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवरचा कंपनीचा हक्क संपतो, मग ती डाउनलोड केलेली का असेना. अट अशी की विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी करायची. पण गठ्ठ्याने घेतलेला परवाना फोडून सुटा विकायला मात्र त्याच निकालात मनाई आहे. 'स्वस्तात अस्सल की'वाले पहिला भाग तोंडपाठ म्हणून दाखवतात, दुसरा गिळतात.

निवांत
मग त्या स्वस्त की घ्यायच्याच नाहीत का? एका साइटवर फार मोह होतोय.

खलबत्ता
त्यातल्या बऱ्याच एमएके असतात, म्हणजे एकच की ठरावीक संख्येच्या संगणकांवर चालावी म्हणून संस्थेला दिलेली. ती बाहेर फुटते, शंभर जणांना विकली जाते, मग कधीतरी ब्लॉक होते. त्या दिवशी खाली उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उगवतं आणि विकणारा मावळलेला असतो.

शिळोप्याचा_राजा
की वरून आठवलं. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असायचं. माझ्याकडच्या एका जुन्या यंत्राचं स्टिकर मांडीवर घासून घासून पांढरं झालेलं. रात्री टेबललॅम्प तिरका धरून, फोनने फोटो काढून, काळा-पांढरा करून २५ अक्षरं जमवत बसलो. 'बी' की '८', 'जी' की '६' यातच दीड तास गेला. नंतर कळलं की त्या कींमध्ये शून्य आणि 'ओ' दोन्ही वापरतच नाहीत, एकही नाही. मी तीन ठिकाणी 'ओ' घातला होता, ते तिन्ही 'क्यू' निघाले.

आडकित्ता
आणि लागली का की?

शिळोप्याचा_राजा
लागली ना! तेव्हा ७ ची की १० ला चालायची. फुकट अपग्रेड कागदोपत्री जुलै २०१६ मध्येच संपलं होतं, पण दार किलकिलं होतं. ते सप्टेंबर २०२३ मध्ये लावून घेतलं. त्यामुळे आता कुणी "स्टिकर आहे, १० नाहीतर ११ टाका" म्हणाला तर नमस्कार करा. आधीच १० ॲक्टिव्हेट होऊन गेलेलं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी, त्याची नोंद मायक्रोसॉफ्टकडे असते.

किल्लीकुठाय
परवान्यापेक्षा वाईट फास असतो तो सांगते. मी एका ठिकाणाहून छान लॅपटॉप घेतला, कुठल्याशा कंपनीतून निघालेला. घरी येऊन विंडोज नव्याने टाकलं, झकास. वायफाय जोडलं मात्र, आणि पडद्यावर त्या कंपनीचं नाव, "स्वागत आहे, ऑफिसचा ईमेल टाका." पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तेच. डिस्क बदलली, तरी तेच.

याला ऑटोपायलट म्हणतात. यंत्राची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या संस्थेच्या नावाने नोंदवलेली असते. ती नोंद संस्थेनेच काढायची असते. मला त्यांच्या आयटी विभागाला चार ईमेल करावे लागले. पाचवा करायच्या आधी नोंद काढली, पण उत्तर काही दिलं नाही. एका सकाळी नुसतंच सुरू झालं.

तेव्हापासून जुनं यंत्र घेताना मी विकणाऱ्यासमोरच रीसेट करते, फोनच्या हॉटस्पॉटला जोडते आणि पहिला पडदा बघूनच पैसे देते. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जना) पासवर्ड आहे का तेही त्याच वेळी. लोक वैतागतात, वैतागू देत.

पेंग्विनवाला
लिनक्स टाकलं असतं तर ऑटोपायलट आडवंच आलं नसतं. हलके घ्या.

किल्लीकुठाय
आणि बायोसचा पासवर्ड?

पेंग्विनवाला
तो आला असता.

निवांत
रच्याकने, जुना मॅक घेतला तर हे सगळं टळतं का?

आडकित्ता
की वगैरे नसते, पण मॅकओएसचा परवाना ॲपलच्याच यंत्रापुरता आहे आणि नव्या मॅकना ॲक्टिव्हेशन लॉक असतं. आधीच्या मालकाने आपलं खातं काढलं नसेल तर नुसतं ॲल्युमिनियम घेतल्यासारखं. पाहिजे तर वेगळा धागा काढा, इथे चिमणचारा ताटकळल्यात.

पाचर
+१. चिमणचारा, आता मूळ प्रश्नाकडे. फर्मवेअरमधली की वाचायची एक पॉवरशेलची आज्ञा आहे. इथे देवनागरीत लिहिली तर शिळोप्याचे राजे ती तशीच टंकतील, म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. इंटरनेट न जोडता चालवा. की आली तर इथे टाकू नका, फक्त तिच्या वर्णनाची ओळ सांगा.

चिमणचारा
आली!! २५ अक्षरं आली! वर्णनात 'कोअरसिंगललँग्वेज ओईएम:डीएम' असं आहे. हे चांगलं की वाईट?

पाचर
उत्तम. 'कोअर' हे होमचं आतलं नाव. म्हणजे हा लॅपटॉप कारखान्यातून विंडोज होम सिंगल लँग्वेज घेऊनच निघाला होता आणि तो परवाना अजून जिवंत आहे. विकणाऱ्याने त्यावर चोरीचं प्रो चढवलं, बहुधा सगळ्या लॅपटॉपना एकच तयार प्रत ओततो म्हणून. खरं असताना खोटं टाकून दिलं.

सिंगल लँग्वेजला घाबरू नका. विंडोजचे मेनू एकाच भाषेत राहतात एवढंच, मराठी टंकायला काही अडत नाही.

प्रोवरून होमवर जागच्या जागी उतरता येत नाही, त्यामुळे नव्यानेच टाकावं लागेल. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल, आणि हे दुसऱ्या, भरवशाच्या संगणकावर करायचं. पेन ड्राइव्हवरून बूट झालं की डिस्कची यादी येईल, तिथले सगळे विभाग एकेक करून उडवा, रिकव्हरीचा सुद्धा. तो विकणाऱ्याने बनवलेला असू शकतो. शेवटी एकच 'अनॲलोकेटेड' ओळ उरली पाहिजे. आवृत्ती कुठली हे इन्स्टॉलर विचारणार नाही, फर्मवेअरमधली की बघून स्वतःच ठरवेल. तुमचे स्वतःचे फोटो वगैरे त्यावर असतील तर आधी काढून घ्या.

निवांत
पाचर, माझा सहाव्या पिढीचा आहे, विंडोज १० अस्सल आहे. ११ टाकू का?

पाचर
११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. रुफससारख्या साधनाने ती तपासणी चुकवता येते, १० चा परवानाही ११ ला लागतो, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घातलंत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ढकलता येईल. त्यानंतर तुमच्याबाबतीत मी पेंग्विनवाल्यांच्या बाजूने.

पेंग्विनवाला
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

चिमणचारा
अडकले! विभाग उडवताना पोटात गोळा आला होता, ते झालं. आवृत्ती खरंच विचारली नाही. आता "नेटवर्कशी जोडा" या पडद्यावर आहे, वायफायची यादीच रिकामी आहे आणि 'पुढे' हे बटण दबत नाही. फोनवरून लिहितेय.

आडकित्ता
वायफायचा ड्रायव्हर नाहीये त्यात. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. विंडोजला ती नेहमीची केबल वाटते.

चिमणचारा
टेदरिंगचं बटण राखाडी होतं. केबल बदलली, पहिली नुसती चार्जिंगची होती. दुसरीने लगेच. आत गेले!

चिमणचारा
काल रात्री झोप आली म्हणून राहिलं, आता सगळा वृत्तांत. अपडेट चालवल्यावर वायफायचा ड्रायव्हर आपोआप आला. 'एसएलएमजीआर'च्या खिडकीत आता 'ओईएम_डीएम चॅनल' आहे आणि दुसऱ्या खिडकीत यंत्र कायमचं ॲक्टिव्हेटेड असल्याचं. कुठेही की टंकावी लागली नाही. एक्सक्लूजन्सची यादी रिकामी, हे बघायला रात्रीत तीनदा उघडली.

पेंग्विनवाले, तुमचंही ऐकलं. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून स्कॅनर जोडला. मानलं, काहीही न टाकता दिसला आणि फोटो सुरेख आला. पण झाकणातला निगेटिव्हचा दिवा काही लागला नाही. विंडोजवर लागतो.

पेंग्विनवाला
दिव्याचं बघतो. सेनच्या यादीत काही मॉडेलना 'कम्प्लीट' लिहिलेलं नसतं, ते हेच. मॉडेल व्यनि करा.

पाचर
अभिनंदन. एक राहिलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेला असाल तर हल्लीचं ११ डिस्क आपणहून एन्क्रिप्ट करतं. रिकव्हरी की ४८ अंकांची असते आणि खात्यात जाऊन बसते. ती कागदावर उतरवून ठेवा. उद्या पेंग्विनवाल्यांच्या नादाने बायोसमध्ये काही बदललंत तर ती मागेल.

चिमणचारा
उतरवली. आणि पहिली निगेटिव्ह स्कॅन झाली. आजीचा फोटो समजून आम्ही इतकी वर्षं जपली होती. त्यात आजी नाहीच, कुणाची तरी सायकल आहे.

ढकलगाडी
पाचर, ती पॉवरशेलची आज्ञा मलाही व्यनि करा. सहज म्हणून.

आडकित्ता
सहज? :)

ढकलगाडी
एक्सक्लूजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह आहे हो.